हेड घासण्यापासून लॅपटॉपपर्यंत

सोलापूर आणि मोटार यांचं नातं सांगायचं तर सुरुवात वालचंद हिराचंद यांच्यापासूनच करावी लागते. 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच कारखान्याची फियाट 1100 पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. गाडी घरच्या घरी सुधारण्याचा जो छंद आमच्या पिढीने पाहिला, तो याच पद्मिनीपासून सुरू झाला. आज आपल्या एमएच-13 च्या गाड्यांत लॅपटॉप जोडून ताकद वाढवणाऱ्या पोरांना तो काळ माहीत नाही. म्हणून हा चार दशकांचा मागोवा.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा आणि तो खाली फ्लोअरवर आणणं ही हौशी मालकाची पहिली इच्छा. त्याने वेग वाढत नव्हता, पण गिअर अचूक पडायचा. दुसरं काम हेड घासण्याचं. सिलिंडर हेड उतरवायचं, लेथवाल्याकडे फेसिंगला टाकायचं आणि अगदी थोडा धातू काढायचा. ज्वलनकक्षाची जागा कमी झाली की कॉम्प्रेशन वाढतं आणि त्याच पेट्रोलमधून जास्त जोर निघतो. मात्र त्या काळच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आजच्यापेक्षा बराच कमी होता. जास्त घासलं की चढावर इंजिन नॉकिंग करायचं आणि पिस्टनचा जीव जायचा. जाणता मिस्त्री म्हणूनच आधी विचारायचा, "पेट्रोल कुठलं टाकता?" मला तो प्रश्न आजही या सगळ्या विद्येचा पाया वाटतो. भाग कुठला बसवायचा हे नंतर. गाडी कशावर आणि कुठे चालणार, हे आधी.

सोलापुरात असं काम जमायचं, त्यामागे गिरण्यांचा वारसा आहे. 1877 मध्ये इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, पुढे यंत्रमाग घरोघर आले आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे टर्नर-फिटर गल्लोगल्ली तयार झाले. मागाचा दांडा सरळ करणारा माणूस गाडीचा वाकलेला रॉकर आर्मही डोळ्याने ओळखायचा. बुशिंग घालणं, जेटचं भोक किंचित मोठं करणं, फिलर गेज लावून टॅपेट सेट करणं ही कामं त्याच्या हाताच्या सवयीत होती.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि हलकी गाडी म्हणजे काय ते आपल्याला कळलं. 796 सीसीच्या तीन सिलिंडरमधून फार काही काढता येत नव्हतं. खरी मजा पुढे आली, 1993 च्या झेनने आणि 1994 च्या एस्टीमने. एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन कार्ब्युरेटरवर 65 अश्वशक्ती द्यायचं, पुढे एमपीएफआय इंधन प्रणाली आल्यावर तेच 85 वर गेलं. याच घराण्यातलं इंजिन जिप्सीत आलं आणि देशभरातल्या रॅली व शर्यतींच्या गाड्यांत वर्षानुवर्षं राबलं. भाग स्वस्त, सगळीकडे मिळणारे, आणि चुकलंच तर पुन्हा बांधता येणारे. फ्री-फ्लो एक्झॉस्ट, मोठं एअर फिल्टर, खालच्या बाजूला कडक स्प्रिंग एवढ्यावर एस्टीमचा स्वभाव बदलायचा. मोठ्या शहरांत काहींनी हे इंजिन 800 मध्येही बसवलं. मला तो प्रकार कधीच पटला नाही. चाक, ब्रेक आणि पत्रा तोच ठेवून इंजिन एवढं मोठं करायचं, तर गाडी थांबणार कशी?

2000 नंतर चित्र झपाट्याने बदललं. होंडा सिटीचं 1.5 व्हीटेक 106 अश्वशक्ती घेऊन आलं, फियाटने पालियोला 1.6 चं शंभर अश्वशक्तीचं इंजिन दिलं आणि स्कोडाने टर्बो असलेली ऑक्टाव्हिया आरएस आणली. बॉनेट उघडलं की कार्ब्युरेटर दिसेना. इंधन किती, ठिणगी कधी, हे ईसीयू नावाची पेटी ठरवू लागली. सगळ्यांना हेवा वाटला तो व्हीटेकचा. एकाच कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे, एक शांत चालीसाठी आणि एक वरच्या आरपीएमसाठी. गरज पडली की तेलाच्या दाबाने एका खिळीमार्फत मोठा उंचवटा कामाला लागायचा. शर्यतीसाठीचा कॅम घातला की इंजिन आयडलवर थरथरतं आणि शहरात चालवणं जिवावर येतं. ही जुनी अडचण कारखान्यानेच सोडवून दिली होती.

कॅमशाफ्टचा विषय निघाला की सोलापूरकराने मान ताठ करावी. 1992 मध्ये यतीन शहा यांनी स्थापन केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत हे दांडे बनवते आणि जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांना पुरवते. 2016 मध्ये तिचे शेअर बाजारात आले. ओतीव लोखंडाच्या या दांड्यामागची युक्ती जवळून बघण्यासारखी आहे. वाळूच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात. वितळलेलं लोखंड त्यांना भिडलं की तेवढाच भाग झटक्यात गार होतो आणि काचेसारखा टणक बनतो. दांड्याचा बाकीचा भाग सावकाश निवतो, म्हणून तो मऊ राहतो आणि लेथवर कापता येतो. एकाच ओतकामात एका दांड्याला दोन स्वभाव मिळतात. टॅपेटशी लाखो किलोमीटर घासलं जाणारं टोक टणक हवं आणि धक्का सोसणारा कणा चिवट हवा, या दोन्ही गरजा त्यातून भागतात. नंतर ग्राइंडिंगने उंचवट्याला नेमका आकार येतो. व्हॉल्व्ह किती उघडेल आणि किती वेळ उघडा राहील, इंजिनचा सारा स्वभाव या दोन गोष्टींवर ठरतो आणि त्या या आकारात कोरलेल्या असतात.

पुढचा टप्पा टर्बोचा. 2013 मध्ये चाकणहून पोलो जीटी टीएसआय आली: 1.2 लिटर, 105 अश्वशक्ती, 175 न्यूटन मीटर आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. 2015 मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून पुंटो अबार्थ निघाली, 145 अश्वशक्तीची आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर दोन खऱ्याखुऱ्या वेगवान गाड्या बनत होत्या, हे भाग्य फार टिकलं नाही. फियाट देशातून गेली, पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं. जुन्या बाजारात त्या दोघींचा शोध घेणारी मंडळी मात्र अजून आहेत, आणि घरच्या घरी सुधारणा करायचं सर्वांत जास्त नियोजन आज याच गाड्यांभोवती चालतं.

टर्बो गाडीत हेड घासावं लागत नाही. ट्यूनर ईसीयूतला नकाशा बदलतो (रिमॅप करतो), म्हणजे टर्बोचा दाब, इंधनाचं प्रमाण आणि ठिणगीची वेळ नव्याने लिहितो. तासाभरात साधारण पाचव्या हिश्श्याने ताकद वाढल्याचा दावा बहुतेक ट्यूनर करतात. इथेच नियोजनाची खरी कसोटी लागते. पोलोच्या त्या डीएसजीला टॉर्कची मर्यादा आहे 250 न्यूटन मीटर. मूळ इंजिन 175 चं, म्हणजे वाढवायला वाव आहे. पण नकाशा फार आक्रमक लिहिला तर आधी बळी जाईल तो कोरड्या क्लचचा, इंजिनचा नाही. शिवाय सोलापूरची गाडी उन्हाळ्यात चाळिशीच्या वरच्या पाऱ्यात धावते. गरम हवा विरळ असते, इंटरकूलरला ती गार करताना घाम फुटतो, ईसीयू नॉकिंग टाळायला ठिणगी मागे खेचतं आणि कागदावरची वाढलेली अश्वशक्ती दुपारी दोन वाजता कुठेच सापडत नाही. ताकद मोजणाऱ्या डायनोवर सकाळी मिळालेला आलेख बघून खूश होणाऱ्याने मे महिन्यात मोहोळ ते टेंभुर्णी गाडी चालवून बघावी. आपल्याकडे रिमॅपच्या आधी इंटरकूलर हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच्याही आधी टायर आणि ब्रेक. पोलो जीटीचं मूळ माप 185/60 आर15. वहीत साधं गणित मांडा: रिमचा व्यास 381 मिलिमीटर, टायरची भिंत 185 च्या साठ टक्के म्हणजे 111, ती वर-खाली दोनदा, एकूण 603. आता 195/55 आर16 घातलं तर व्यास येतो 621 च्या आसपास, म्हणजे तीन टक्के मोठा. स्पीडोमीटर कमी वेग दाखवणार, गिअर लांब होणार आणि पिकअप मंदावणार. 205/50 आर16 घेतलं तर व्यास 611, फरक दीड टक्क्याच्याही आत. पाच मिनिटांच्या या हिशेबात कितीतरी हजार रुपये वाचतात. ब्रेकचंही तसंच. मोठ्या डिस्कची जाहिरात सगळे बघतात, पण तुळजापूरचा घाट उतरताना पेडल स्पंजासारखं होतं ते बहुतेक वेळा जुन्या ब्रेक फ्लुइडमुळे. डॉट 4 चं नवं तेल किमान 230 अंशांना उकळायला हवं. तेच हवेतली ओल पिऊन जुनं झालं की मानकाप्रमाणे 155 पर्यंत खाली येऊ शकतं. बाटलीभर तेल आणि चांगले पॅड, यांच्याइतकी स्वस्त आणि परिणामकारक सुधारणा मी दुसरी पाहिलेली नाही. त्यानंतर शॉक अब्सॉर्बर आणि बुश. ताकद सगळ्यांत शेवटी.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या, कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. टायर गाडीच्या कंपनीनेच दुसऱ्या मॉडेलला दिलेल्या मापात, पॅड आणि तेल चांगल्या प्रतीचं, सस्पेन्शन जुन्या मापाचं पण ताजं, इथवर तुम्ही निर्धास्त आहात. कर्कश सायलेन्सर लावून सात रस्त्यावर फिरणाऱ्यांमुळे मात्र नीट काम करणाऱ्यांकडेही पोलीस संशयाने बघतात, आणि त्यात पोलिसांची चूक नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो, हेही वहीत लिहून ठेवावं.

आता जुना प्रश्न पुन्हा समोर आला आहे: पेट्रोल कुठलं टाकता? वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर रुळलं आहे, आणि सोलापूरसारख्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्याला त्याचं अर्थकारण वेगळं समजवायला नको. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, म्हणून टर्बो इंजिनला नॉकिंगपासून थोडी मोकळीक मिळते. उलट त्यात उष्मांक कमी, म्हणून तेवढ्याच ताकदीला इंधन जास्त लागतं आणि इंजेक्टरमध्ये तेवढी गुंजाइश हवी. 2023 च्या आधीच्या गाडीत रबरी नळ्या, सील आणि पंप यांकडे लक्ष द्यावं लागतं. दहा वर्षांची पोलो किंवा अबार्थ सुधारायला घेणाऱ्याने टर्बोचा विचार करण्याआधी इंधनाची सगळी लाइन तपासावी.

या चाळीस वर्षांत हाताचं काम कमी झालं, विचाराचं वाढलं. पूर्वी चूक करायलाही मेहनत लागायची. आज एका फाइलने गाडी बिघडवता येते. मला खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. जगाच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट ओतणाऱ्या आणि वालचंदांचा जन्म झालेल्या या गावात सुधारलेली गाडी मनासारखी पळवून बघायला एकही सुरक्षित जागा नाही. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, नाशिकने रॅली भरवल्या, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते. आपल्याकडे पोरं रात्री पुण्याच्या चौपदरी रस्त्यावर जातात, आणि त्या रस्त्यावर ट्रॅक्टर, ऊसगाड्या आणि वारकरीही असतात. हे थांबवायचं तर नुसता दंड पुरणार नाही.

वालचंद अभियांत्रिकी 1983 पासून गावात आहे, चिंचोळीत उद्योजक आहेत, आरटीओचे अधिकारी आहेत. या तिघांनी मिळून वर्षातला एक रविवार आणि एक मोकळं मैदान ठरवावं, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाची रीतसर परवानगी घ्यावी, शंकू मांडून ऑटोक्रॉस भरवावी आणि आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक, टायर आणि सीट बेल्ट तपासूनच तिला सोडावं. वेग कमी, वळणं जास्त, धोका मर्यादित. आणि कोणी काय सुधारलं ते घड्याळ सांगेल. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी या तिघांपैकी एक असेल, तर त्यांनी पुढाकार घ्यावा. आणि ज्यांच्या वहीत रिमॅप पहिल्या ओळीत लिहिलेला आहे, त्यांनी ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते आजच तपासावं.