नमुना टोचण्याची कला

दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढताना पुष्कळ घरांतून एक जाड कागद बाहेर निघतो. त्यास समान अंतरावर छिद्रे पाडलेली असतात. कागद जमिनीवर पसरून वरून रांगोळी फिरविली, की ठिपके उमटतात. ते ठिपके वाकडे पडले, तर पुढे हात कितीही सुरेख चालला तरी कमळ नीट उमलत नाही. युरोपात विणल्या जाणाऱ्या बॉबिन लेसचे मर्मही अशाच एका छिद्रांकित तुकड्यात साठविलेले असते.

ही लेस क्रोशाच्या सुईने करीत नाहीत. घट्ट भरलेल्या उशीवर नमुना बसवितात आणि लाकडी बॉबिनींवर गुंडाळलेले धागे जोडीजोडीने हाताळतात. हाताच्या मूळ क्रिया दोनच आहेत. शेजारच्या दोन जोड्यांतील मधले धागे, डावा उजव्यावरून, ओलांडावयाचे. आणि प्रत्येक जोडीत उजवा धागा डाव्यावरून नेऊन पीळ द्यावयाचा. ही वीण जागच्या जागी धरून ठेवते ती छिद्रात रोवलेली टाचणी. अशा लेसच्या नमुन्यांचे ‘ले पॉम्पे’ हे पुस्तक व्हेनिस येथे १५५७ मध्येच छापले गेले होते.

आता नमुना कसा सिद्ध करतात ते पाहू. ‘टॉर्शन’ नावाची साधी भौमितिक लेस यासाठी उत्तम. दोन मिलिमीटर चौकटींचा आलेख कागद घ्यावा. पहिल्या ओळीत एकाआड एक छेदनबिंदूवर ठिपका द्यावा. दुसऱ्या ओळीत पहिलीत सोडलेल्या बिंदूंखाली. याप्रमाणे पुढे गेले, की ४५ अंशांत धावणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी आपोआप तयार होते. धागा या अंतरास साजेसा हवा. जाड धागा लहान जाळीत दाटी करतो. बारीक धागा मोठ्या जाळीत सैल पडतो.

हा कागद गुळगुळीत, जाड पुठ्ठ्यावर पक्का बसवून खाली बुचाची फळी ठेवावी. मुठीत बसविलेल्या सुईस थोडे मेण लावावे आणि ती अगदी उभी धरून प्रत्येक ठिपका टोचावा. सुई कलली, की वरचे छिद्र एकीकडे आणि खालचे दुसरीकडे जाते. मग टाचणीही तिरपी उभी राहते. काम संपल्यावर पुठ्ठा उजेडापुढे धरावा, म्हणजे राहून गेलेले छिद्र तत्काळ दिसते. शेवटी धाग्यांच्या वाटा न पसरणाऱ्या शाईने आखाव्यात, अन्यथा पांढऱ्या लेसला डाग पडतो.

पूर्वी इंग्लंडातील बेडफर्डशायर परगण्यात हे नमुने चर्मपत्रावर टोचीत, कारण ते पुष्कळ टिके. तथापि वापराने चर्मपत्राचीही छिद्रे रुंदावतात. जुना नमुना नव्या पुठ्ठ्यावर ठेवून त्याच छिद्रांतून टोचणे सोपे असते. पण पहिल्या प्रतीतील केसभर चूक दुसरीत वाढते, आणि नकलेची नक्कल करता करता सरळ कड नागमोडी होते. म्हणून जाणते कारागीर जुनी प्रत केवळ वाचतात आणि नवा नमुना पुन्हा आलेख कागदावरच मांडतात. नक्कल करण्याकडे ओढा असणाऱ्या आमच्या विद्यार्थी मित्रांनी याचा अवश्य विचार करावा!

ही कला भारतातही रुजली. १८२० च्या सुमारास मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी नागरकोईल येथे मुलींना उशीवरची लेस शिकविण्यास आरंभ केला. त्रावणकोर संस्थानात त्या काळी गुलामगिरी होती. ती कायद्याने १८५५ मध्ये नष्ट झाली. तत्पूर्वीच काही मुलींनी लेसच्या कमाईतून आपली सुटका विकत घेतली. पण वाकड्या छिद्रांची लेस कोणी विकत घेत नाही. त्या मुलींच्या स्वातंत्र्याची किंमत, टाचणी-टाचणीने, एका नेटक्या टोचलेल्या नमुन्यावर उभी राहत होती.

लेस पाहणाऱ्यास नमुना दिसत नाही. काम पुरे होताच टाचण्या निघतात, लेस उचलली जाते आणि छिद्रांचा पुठ्ठा उशीवरच राहतो, पुढच्या हाताची वाट पाहत.