एकास किती?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा कागदी नकाशा टेबलावर पसरला, की त्यावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. नकाशा छापला, की हे नाते पक्के होते. संगणकावरच्या नकाशाच्या कोपऱ्यातही अनेकदा असेच ‘एकास अमुक हजार’ प्रमाण दिसते आणि आपण त्यावर तितकाच विश्वास ठेवतो. तो आकडा येतो कुठून, हे मी गणित मांडून पाहिले. तो दोन गृहीतकांवर उभा आहे.

पहिले गृहीतक पृथ्वीविषयीचे. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात. त्याचे मूळ गेरार्डस मर्केटरच्या 1569 सालच्या जगाच्या नकाशात आहे. विषुववृत्ताचा सुमारे 40,075 किलोमीटरचा घेर झूमच्या शून्य पातळीवर 256 पिक्सेलांत बसवतात. म्हणजे एका पिक्सेलला 1,56,543 मीटर. झूम एका पायरीने वाढला, की ही संख्या निम्मी होते. पंधराव्या पायरीवर 4.78 मीटर उरतात. पण हे झाले विषुववृत्तावर. या प्रक्षेपणात ध्रुवांकडे जावे तसा नकाशा ताणला जातो, म्हणून त्या संख्येला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश, त्याचा कोसाइन 0.948, म्हणून तिथे एक पिक्सेल 4.53 मीटरचा. श्रीनगरला तोच 3.96 मीटरचा. झूम तोच, पडदा तोच, प्रमाण वेगळे.

दुसरे गृहीतक पडद्याविषयीचे. प्रमाण काढायचे तर पिक्सेल जमिनीवर किती मोठा, एवढे कळून भागत नाही. तो डोळ्यांसमोर किती मोठा दिसतो, हेही हवे. प्रत्येकाचा पडदा वेगळा, म्हणून सॉफ्टवेअर एक ठरावीक माप धरून चालते. ओजीसी या संस्थेच्या मानकात पिक्सेल 0.28 मिलिमीटरचा धरला आहे. काही सॉफ्टवेअर इंचाला 96 पिक्सेल, म्हणजे सुमारे 0.265 मिलिमीटर धरतात. पुण्याचा पंधराव्या पायरीवरचा नकाशा पहिल्या हिशेबाने सुमारे 1:16,180, तर दुसऱ्याने 1:17,120 ठरतो. तोच नकाशा प्रोजेक्टरने भिंतीएवढा केला, तरी कोपऱ्यातला आकडा हलत नाही!

शाळेत आपण शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण शिकतो. पडद्यावर यांतली रेषाच जास्त भरवशाची, कारण चित्र मोठे झाले की तीही मोठी होते. लीफलेट या प्रणालीत ती कशी आखतात, ते पाहा. नकाशाच्या मधल्या आडव्या ओळीवर शंभर पिक्सेलांत जमिनीवरचे किती अंतर मावते, ते काढतात. पुण्याच्या वरच्या उदाहरणात ते 453 मीटर. मग त्याखालचा सोयीचा आकडा, 300 मीटर, निवडून रेषा 66 पिक्सेलांची करतात. श्रीनगरला त्याच 300 मीटरसाठी 76 पिक्सेल लागतात. मात्र ही रेषा नकाशाच्या मध्याची. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा देश एका पडद्यावर असेल, तर वरच्या आणि खालच्या टोकाला ती लागू पडत नाही.

हा फरक जमिनीच्या मापात अंगाशी येऊ शकतो. साडेअठरा अंशांवर लांबी पाच-सहा टक्के फुगते, तर क्षेत्रफळ अकरा-बारा टक्के. शेताची हद्द वेब मर्केटरमध्ये आखून सपाट पद्धतीने क्षेत्रफळ काढले, तर चाळीस गुंठ्यांचा एकर सुमारे साडेचव्वेचाळीस गुंठ्यांचा दिसेल. सॉफ्टवेअरने गणितात चूक केलेली नसते. आपणच त्याला ताणलेल्या कागदावर मोजायला सांगितलेले असते.

उपाय सोपा आहे. क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पृथ्वीचा गोलावा धरून क्षेत्रफळ काढता येते. तो पर्याय निवडावा. किंवा नकाशा यूटीएम पद्धतीत न्यावा. महाराष्ट्राचा बराचसा भाग तिच्या 43व्या पट्ट्यात येतो, तर नागपूरसह पूर्व विदर्भ 44व्यात. एवढे करूनही हातात येतो तो अंदाजच, कारण बांध पडद्यावर आपण नजरेने आखलेला असतो. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेख विभागाची मोजणीच करून घ्यावी. आणि कुणी पडद्यावरचे क्षेत्रफळ पुढे करून जमिनीचा भाव सांगू लागला, तर आधी ते कोणत्या प्रक्षेपणात मोजले, एवढे जरूर विचारावे.