थरथरीतून वीज

चाळीसगाव हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे जंक्शन. तेथून मालगाडी धडधडत गेली, की फलाटही थरथरतो. ही थरथर म्हणजे ऊर्जाच! तिच्यापासून वीज मिळेल का?

फूटपट्टीचे एक टोक बाकाच्या कडेवर घट्ट दाबून धरा आणि मोकळे टोक छेडा. पट्टी वरखाली वाकते. तिचा पृष्ठभाग आळीपाळीने ताणला व दाबला जातो. अशाच धातूच्या पट्टीवर दाबविद्युत पदार्थाचा पातळ थर बसवला, तर प्रत्येक वाकण्यासरशी त्यावर विद्युतभार प्रकट होतो. स्फटिकांचा हा गुणधर्म पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधला. गॅसच्या लायटरमधली ठिणगी ही त्याचीच करामत.

मात्र एक अट आहे. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला हलका झोकाही पुरतो. तसेच, हादऱ्यांची आणि पट्टीची दर सेकंदाची कंपने जुळली, तरच पट्टी जोमाने डोलते. त्यासाठी मोकळ्या टोकावर वजन बसवतात. फूटपट्टीच्या टोकाला खोडरबर बांधून पाहा, कंपने मंदावतील.

समजा, एका पट्टीपासून १ मिलिवॉट वीज मिळाली. मग ५ वॉटच्या एका दिव्याला ५,००० पट्ट्या लागतील! म्हणून या विजेने गाव उजळणार नाही. पण ती थोडी थोडी साठवली, तर रेल्वेपुलावरचा ताण मोजून अधूनमधून संदेश धाडणाऱ्या चिमुकल्या उपकरणाला पुरू शकते. मग विद्युतघट बदलायला पुलावर चढायला नको. गाडीने पुलाला दिलेला हादराच असा पुलाची राखण करील.