शेतातील पाखरांची घरटी व अंडी

उन्हाळी मशागतीस आरंभ झाला, की औताच्या पुढे एक पक्षी मोठ्याने ओरडत धावताना व मधूनच डोक्यावर घिरट्या घालताना दिसतो. पाय लांब व पिवळे, डोके, मान व छाती काळी, पाठ तपकिरी आणि डोळ्यांपुढे तांबड्या मांसाची लहानशी पाळी. हीच टिटवी होय. तिचा हा आकांत उगीच नसतो. औताच्या वाटेत कोठे तरी तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि ती दृष्टीस पडण्यापूर्वीच पुष्कळदा कुळवाखाली चिरडली जातात. बैलांच्या औतामागून चालणाऱ्या माणसास ती दिसण्याचा संभव तरी असे. ट्रॅक्टरवर उंच बसलेल्या चालकास तो जवळजवळ नसतो.

टिटवीची वीण साधारणतः मार्च ते ऑगस्ट या काळात होते. म्हणजे नांगरट, कुळवणी व पेरणी ही सर्व कामे तिच्या विणीतच येतात. ती घरटे असे बांधीत नाही. जमिनीत उथळ खळगा करून त्याच्या कडेने खडे, वाळलेल्या शेणाचे तुकडे किंवा शेळीच्या लेंड्या मांडते, एवढेच. अंडी बहुधा चार असतात. ती राखी-तपकिरी रंगाची असून त्यांवर काळसर डाग असतात व त्यांची निमुळती टोके मध्याकडे वळविलेली असतात. ढेकळांत अशी अंडी दोन पावलांवरूनही ओळखू येत नाहीत.

ही अंडी शोधावयाची झाल्यास पक्षी ओरडतो त्या जागी शोधू नयेत. माणूस येताना दिसताच टिटवी अंड्यांवरून गुपचूप उठते, काही अंतर पायी जाते आणि मग ओरडू लागते. तेव्हा पन्नास-साठ पावले मागे जाऊन झाडाच्या आडोशास स्वस्थ बसावे. काही वेळाने नर किंवा मादी थांबत थांबत परत येते आणि एका जागी पिसे फुगवून खाली बसते. ती जागा दूरच्या एखाद्या झाडाशी किंवा बांधावरील दगडाशी नजरेने जुळवून ठेवावी व नंतर तेथे जावे. सापडलेल्या अंड्यांजवळ काठी रोवू नये, कारण कावळा अशा खुणा लवकर ओळखतो. आठ-दहा पावलांवर समोरासमोर दोन काठ्या रोवाव्यात आणि त्यांच्या मधली लहानशी पट्टी न कुळवता सोडावी. चार-पाच हात रुंदीच्या पट्टीने शेताचे काहीही नुकसान होत नाही. टिटवी मात्र भुंगेरे, अळ्या, वाळवी व गोगलगायी टिपून त्याची भरपाई करते.

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर आणि सखल जागी घातली तर कमी, असा समज अनेक गावांत आहे. समज जुना आहे, पण त्यावरून पेरणीचा विचार करू नये. हीच टिटवी घराच्या सपाट गच्चीवर आणि रेल्वेच्या खडीतही अंडी घालते.

उघड्या जमिनीवर अंडी घालणारे इतरही पक्षी आहेत. डोंबारी चंडोल ढेकळाच्या आडोशास गवताची लहान वाटी करतो. त्याची दोन-तीन अंडी फिकट व ठिपकेदार असतात. डोक्यावर तुरा असलेला चंडोल गवताच्या ठोंबाशी घरटे करतो. तित्तिराची अंडी चार ते आठ, मलईच्या रंगाची व बिनठिपक्यांची असतात. अशा फिक्या अंड्यांना ठिपक्यांचा आश्रय नाही, म्हणून तित्तिराची मादी झुडपाच्या बुडाशी अथवा दाट गवतात बसते आणि तिच्या पाठीवरील पट्ट्यापट्ट्यांचा रंगच अंड्यांना झाकतो. ती अगदी पायाशी माणूस आल्याशिवाय उठत नाही. गवत कापताना विळा तिच्यावर पडतो तो यामुळेच. कापणी शेताच्या चारही कडांनी आत न आणता मधून कडेकडे नेल्यास तित्तिर व लावे यांना निसटण्यास वाट राहते.

अंड्यांचा रंग व घरट्याची जागा यांचा हा संबंध ध्यानात आला, की ओळखीचे निम्मे काम होते. उघड्यावरची अंडी बहुधा मातीच्या रंगाची व डागांची असतात. ढोलीतील, बिळातील किंवा झाकलेल्या घरट्यातील अंडी बहुधा पांढरी असतात, कारण तेथे ती लपविण्याची गरज नसते. पिंगळा, गव्हाणी घुबड, पोपट, विहिरीच्या कच्च्या काठात बीळ करणारा धीवर आणि बांधाच्या मातीत बीळ करणारा वेडा राघू, या सर्वांची अंडी पांढरी असतात. या नियमास अपवादही आहेत. साळुंकी भिंतीच्या भोकात राहूनही निळी अंडी घालते आणि घरातील चिमणीची अंडी ठिपकेदार असतात. होल्याची दोन पांढरी अंडी तर चार काड्यांच्या इतक्या विरळ घरट्यात असतात, की काही वेळा ती खालूनच दिसतात. म्हणून केवळ अंड्यावरून पक्ष्याचे नाव ठरवू नये. घरट्यावर येणारा पक्षी प्रत्यक्ष पाहावा. तो चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा हे आधी ठरवावे. मग चोच, शेपटीची लांबी, चालण्याची अथवा उड्या मारण्याची रीत आणि आवाज यांकडे लक्ष द्यावे. रंग शेवटी पाहावा, कारण उन्हात व सावलीत तो फसवतो.

कुंपणाच्या झुडपात लहानसे घरटे आढळले व त्यात तकतकीत विटकरी-तांबडी अंडी असली, तर ते राखी वटवट्याचे समजावे. अशी अंडी शेतातील दुसऱ्या पक्ष्याची सहसा दिसत नाहीत. शिंपी पक्षी मोठ्या पानाच्या कडा कापसाच्या वा कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याने शिवून आत घरटे करतो. हे दोन्ही पक्षी अळ्या व किडे खाऊन राहतात. बांध साफ करावयाचाच असेल, तर पावसाळ्यात एक-दोन झुडपे तरी राखून ठेवावीत.

त्याच कुंपणात गर्द निळी, बिनठिपक्यांची अंडी दिसली, तर घरटे सातभाईंचे असते. परंतु सर्व अंडी सातभाईंचीच असतात असे नाही. पावशा व चातक हे पक्षी स्वतः घरटे बांधीत नाहीत. ते सातभाईंच्या घरट्यात तशीच निळी अंडी घालतात आणि पिलांचे संगोपन सातभाई करतात. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या घरट्यात असते हे सर्वांस ठाऊक आहे. ते कावळ्याच्या अंड्याहून लहान असते. कोकिळेच्याच कुळातील भारद्वाज मात्र पाने व काड्या यांचे मोठे गोल घरटे स्वतः करतो, त्यात पांढरी अंडी घालतो आणि स्वतःच ती उबवतो. तो अळ्या, गोगलगायी व उंदीर खातो. इतर पक्ष्यांची अंडी व पिले खाण्याची खोडही त्यास आहे.

झाडाच्या टोकाकडील बेचक्यात, खालून ओझरती दिसणारी पातळ वाटी असली आणि जवळ येणाऱ्या कावळ्यावर वा घारीवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी तुटून पडत असला, तर ते कोतवालाचे घरटे होय. त्याच्या धाकामुळे बुलबुल, होला व हळद्या यांसारखे पक्षी त्याच झाडावर निर्धास्तपणे घरटी करतात. हरभऱ्यात घाटे अळीसाठी पक्षीथांबे उभारण्याची शिफारस केली जाते, तीही कोतवालासारखे कीटकभक्षी पक्षी त्यांवर येऊन बसावेत म्हणून.

सुगरणीविषयी शेतकऱ्याच्या मनात राग व कौतुक दोन्ही असतात. ज्वारी-बाजरीच्या कणसांवर तिचे थवे पडतात, हे खरे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबणारी घरटी मात्र विणीच्या हंगामातील आहेत आणि त्यांतील पिलांना किडेही भरवले जातात. बहिणाबाई चौधरी यांनी या खोप्याचे श्रेय सुगरणीला दिले. प्रत्यक्षात विणणारा नर असतो. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे या पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण करून जे नोंदविले, ते असे : नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते आणि तिने पसंत केले तरच तो पुढे नळी जोडतो. मग तो दुसरे घरटे आरंभून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. झाडावर दिसणारी टोपीच्या आकाराची अपुरी घरटी बहुतांशी नापसंत झालेली असतात. काजवे चिकटवून पक्षी घरट्यात दिवा लावतो, ही केवळ कल्पना आहे. पिकाचे रक्षण करावयाचे ते कणसे दुधात येताच राखणीने करावे. घरटी तोडून ते साधत नाही, कारण धान्यावर येणारे थवे दूरवरून येतात.

घुबडाची गोष्ट याहून गंभीर आहे. अशुभ म्हणून त्यास दगड मारले जातात आणि जादूटोण्याच्या नादाने त्याचा जीवही घेतला जातो. गव्हाणी घुबडाचा आहार मुख्यतः उंदीर हा आहे. याचा पुरावा कोणासही पाहता येतो. घुबड उंदीर सबंध गिळते व न पचलेले केस आणि हाडे यांची गोळी तोंडावाटे टाकते. जुन्या वाड्याच्या माळ्याखाली पडलेली अशी गोळी पाण्यात भिजवून काडीने उकलावी. आत उंदरांच्या कवट्या व दात सापडतात. त्याच्या घरट्यात पिले लहानमोठी दिसतात, कारण पहिले अंडे घालताच मादी उबवू लागते व पिले एकापाठोपाठ एक बाहेर येतात. त्यावरून रोग आहे असे समजू नये. उंदरांसाठी विषारी आमिष बिळातच घालून बीळ बुजवावे. विष खाऊन मेलेले उंदीर उघड्यावर राहिले तर तेच घुबडाच्या पोटी जातात.

घरटे पाहताना फांदी वाकवू वा तोडू नये, अंडी हातात घेऊ नयेत आणि कावळे जवळ असता तेथे थांबू नये. घरट्यातून पडलेले, पिसे न फुटलेले पिलू अलगद उचलून परत ठेवण्यास हरकत नाही. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिलास टाकतात, हा समज बरोबर नाही. टिटवी व तित्तिर यांची पिले मात्र अंड्यातून निघताच थोड्या वेळात धावू लागतात. ती एकटी दिसली तरी पोरकी नसतात व त्यांना घरी आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित वन्यपक्ष्यांची अंडी नष्ट करणे, तसेच त्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीतच मोडते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही गोष्ट शाळेतील मुलांस विशेषकरून सांगावी.

टिटवीची अंडी उबण्यास सुमारे २८ ते ३० दिवस लागतात. अंडी दिसल्याची तारीख वहीत लिहून ठेवल्यास पट्टी केव्हा मोकळी होईल याचा अंदाज येतो. खळग्यात कवचाचे तुकडे राहिले किंवा अंडी दिसेनाशी झाली, म्हणजे जवळपास पिले नाहीत याची एकदा खात्री करून काठ्या उपटून घ्याव्यात आणि राहिलेली पट्टी कुळवून पेरून टाकावी.