वायुवर्णलेखन यंत्रातील वायुगळती

वायुवर्णलेखन यंत्रातील वायुगळती म्हणजे वायुवर्णलेखन, अर्थात गॅस क्रोमॅटोग्राफी, ज्या यंत्रावर केले जाते त्याच्या नळ्या, जोड, झडपा किंवा रबरी चकत्या यांतून वायू बाहेर जाणे अथवा बाहेरची हवा आत शिरणे होय. प्रयोगशाळांच्या बोलीत या यंत्राला नुसते ‘जीसी’ म्हणतात. यंत्र जुने होत जाते तसा हा दोष वारंवार उद्भवतो. महागडा वायू वाया जाणे हे त्याचे लहानसे नुकसान होय. खरी हानी विश्लेषणाच्या आकड्यांची होते.

पार्श्वभूमी

आर्चर मार्टिन आणि अँथनी जेम्स यांनी १९५२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. नमुना तापलेल्या इंजेक्टरमध्ये टोचला की त्याची वाफ होते. नायट्रोजन, हेलियम किंवा हायड्रोजन यांपैकी एखादा वाहक वायू ती वाफ एका लांब नळीतून, म्हणजे कॉलममधून, पुढे नेतो. मिश्रणातील घटक वेगवेगळ्या वेळी डिटेक्टरपाशी पोहोचतात आणि आलेखावर प्रत्येकाचे शिखर उमटते. शिखर येण्याच्या वेळेवरून पदार्थ व त्याच्या क्षेत्रफळावरून प्रमाण कळते. या दोन्ही गोष्टी वायूचा प्रवाह स्थिर असण्यावर अवलंबून असतात.

महाराष्ट्रात या परीक्षेचे महत्त्व एका दुर्घटनेवरून ध्यानात येते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. आज ग्लिसरिनमधील हे विष जीसीनेच तपासले जाते व त्याची मर्यादा ०.१ टक्का मानली जाते. इंजेक्टरमधून नमुन्याचा काही भाग निसटत असेल तर शिखर लहान उमटते, आणि मर्यादेबाहेरचा माल मर्यादेत असल्याचे दिसू शकते.

हवा आत कशी शिरते

नळीत दाब जास्त असताना हवा आत येणार नाही, ही समजूत चुकीची आहे. बाहेरच्या हवेत ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे ०.२ वातावरण असतो, तर शुद्ध वाहक वायूत तो जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे सूक्ष्म फटीतून वायू बाहेर पडत असतानाच ऑक्सिजन विसरणाने उलट दिशेने आत येतो. तापलेल्या कॉलमच्या आतील लेप त्याने जळत जातो, आलेखाची पायारेषा वर चढते आणि औष्णिक वाहकता डिटेक्टरची तार ऑक्सिडीकरणाने निकामी होते.

किनारपट्टीवरील यंत्रे

पालघर जिल्ह्यात बोईसरजवळचे तारापूर औद्योगिक क्षेत्र रसायने व औषधे यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. वसईच्या पूर्व भागातही औद्योगिक वसाहती आहेत. पश्चिम रेल्वेवरील नायगाव हे स्थानक भाईंदर व वसई रोड यांच्यामध्ये, वसईच्या खाडीच्या उत्तरेस येते आणि त्याच्या परिसरात मिठागरे आहेत. अशा खाऱ्या, दमट हवेत पितळी व तांब्याच्या जोडांवर हिरवट गंज चढतो, तर क्लोराइडमुळे स्टेनलेस पोलादालाही बारीक खड्डे पडतात. पावसाळ्यात हवेच्या काँप्रेसरमध्ये पाणी साचते. ते वेळच्या वेळी काढले नाही तर नळ्यांमध्ये उतरते.

गळतीचा शोध

सिलिंडर नेहमीपेक्षा लवकर संपणे, शिखरे उशिरा येणे, ज्योत डिटेक्टर न पेटणे ही नेहमीची लक्षणे होत. वस्तुमान वर्णपटमापक जोडलेला असल्यास २८ आणि ३२ या वस्तुमानांच्या खुणा साधारण चारास एक या प्रमाणात दिसतात. ती हवेचीच खूण होय.

शोध सिलिंडरपासून डिटेक्टरकडे, टप्प्याटप्प्याने करावा लागतो. नळीचे पुढचे टोक बंद करून सिलिंडरची झडप मिटतात आणि दाबमापकाचा काटा १०–१५ मिनिटे पाहतात. काटा उतरला तर मार्गाचे दोन भाग करून प्रत्येक भाग निराळा तपासतात. हातात धरण्याचा इलेक्ट्रॉनिक गळतीशोधक हेलियम व हायड्रोजनसाठी उत्तम असतो, परंतु नायट्रोजनची उष्णतावाहकता हवेच्या जवळपास असल्यामुळे तेथे त्याचा फारसा उपयोग होत नाही. साबणाचे पाणी सिलिंडरच्या रेग्युलेटरपाशी चालते. इंजेक्टर व कॉलमपाशी मात्र ते वापरू नये, कारण ते फटीतून आत जाऊन महिनोन्महिने खोटी शिखरे देत राहते. तेथे थंड जोडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणाचा एखादा थेंब पुरतो.

दुरुस्ती

पहिला संशय सेप्टमवर घ्यावा. सुईने वारंवार टोचली जाणारी ही रबरी चकती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर झिजणारी आहे. त्यानंतर काचेच्या लायनरभोवतीचे रबरी कडे, मग कॉलमचे नट तपासावेत. पॉलिइमाइड मिसळलेले फेरूल तापून थंड होताना आकसतात. म्हणून नवा फेरूल बसवल्यावर काही तापचक्रांनंतर नट पुन्हा किंचित आवळावा लागतो.

जुनी यंत्रे गळतीपेक्षा पान्याच्या जोराने अधिक बिघडतात, असे म्हणण्यास हरकत नाही. फेरूल नळीला वर्तुळाकार पकडून वायू अडवतो. जादा आवळल्यास तो चिरडतो, नळी दबते आणि जोड कायमचा निकामी होतो. एक अष्टमांश इंचाच्या नव्या धातुजोडाला हाताने घट्ट केल्यानंतर पाऊण फेरा पुरेसा असतो. फेरूलच्या जोडावर पांढरी टेफ्लॉन पट्टी गुंडाळणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. ती पट्टी निमुळत्या आट्यांसाठी असते; येथे तिचे तुकडे झडपांत अडकतात.

सुरक्षितता

हात लावण्यापूर्वी भट्टी व इंजेक्टर थंड करून वायू बंद करतात. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असल्यास स्फोट संभवतो, आणि तुटलेल्या कॉलममधून तो बंद भट्टीत साचू शकतो. नायट्रोजनला वास नसतो. बंद वातानुकूलित खोलीत मोठी गळती झाल्यास गुदमरण्याचा धोका असतो. इलेक्ट्रॉन ग्रहण डिटेक्टरमध्ये किरणोत्सारी निकेल-६३ असल्यामुळे तो वापरकर्त्याने उघडायचा नसतो. भारतात अशा स्रोतांचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करते.

दुरुस्तीनंतर ज्ञात प्रमाणाचा नमुना पुन्हा चालवून शिखरांची वेळ व क्षेत्रफळ जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. गळती नेमकी कधी सुरू झाली हे या नोंदींवरूनच ठरवता येते, आणि त्या काळात तपासलेले कोणते नमुने पुन्हा तपासायचे हेही.