जपानच्या ताब्याचे कागद केवळ अमेरिकेचे नाहीत

जाम, समुद्रपूर, हिंगणघाट या पट्ट्यात जपानचा विषय निघाला की वर्ध्याचा विश्वशांती स्तूप आठवतो, आणि 1933 साली गांधीजींना भेटायला वर्ध्याला आलेले जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी आठवतात. जपानशी असलेले मराठी माणसाचे दुसरे नाते मात्र कोणी काढत नाही. 1945 ते 1952 या काळात पराभूत जपान एकट्या अमेरिकेच्या ताब्यात होता, त्याचे कागदही अमेरिकेतच आहेत आणि त्यांत आपले काही नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात 1946 च्या सुरुवातीपासून तिथे ब्रिटिश राष्ट्रकुलाची फौज होती. तिच्यातल्या 268 व्या भारतीय ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर थिमय्या यांच्याकडे होते, आणि त्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. एप्रिल 1945 मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो याच बटालियनमध्ये. मुलकी कारभार अमेरिकनांच्याच हाती होता, त्यामुळे भारतीयांचा वाटा मोठा होता असे म्हणता येणार नाही. पण ओकायामा, शिमाने, तोत्तोरी भागांतला बंदोबस्त आणि टोकियोत राजवाड्यावरचा पहारा यांची नोंद झाली आहे. भारताच्या अधिकृत युद्ध-इतिहासात या ताबा-फौजांवर 1958 साली एक स्वतंत्र खंड निघाला. फाळणी झालेली असतानाही भारत आणि पाकिस्तान यांनी तो इतिहास विभाग मिळून चालवला, हे मला फार मोलाचे वाटते. याच राष्ट्रकुल फौजेची छायाचित्रे आणि कागद कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्येही आहेत.

दुसरा गैरसमज अधिक खोल रुजलेला आहे: जेत्यांनी जपलेल्या कागदांत फक्त जेतेच बोलतात. मेरीलँड विद्यापीठातला प्रांगे संग्रह पाहिला तर हे टिकत नाही. ताबा-प्रशासनाचे प्रमुख मॅकार्थर यांच्या सेन्सॉर खात्याने 1945 ते 1949 या काळात जपानमध्ये छापले जाणारे जवळजवळ सगळे तपासणीसाठी मागवले. खाते बंद झाल्यावर ते साहित्य नष्ट होऊ नये म्हणून इतिहासकार गॉर्डन प्रांगे यांनी ते अमेरिकेला हलवले. त्यात सुमारे 18 हजार वृत्तपत्रे आहेत आणि 71 हजारांच्या आसपास पुस्तके व पुस्तिका. हिरोशिमाच्या कवयित्री कुरिहारा सादाको यांच्या 1946 च्या ‘कुरोई तामागो’ या संग्रहातून सेन्सॉरने काही कविता काढायला लावल्या होत्या. त्या कवितांसह असलेली मुद्रिते पुढे याच संग्रहात सापडली आणि 1983 मध्ये संपूर्ण पुस्तक निघाले. ज्या खात्याने शब्द दाबले, त्याच्याच कपाटात ते शाबूत राहिले.

यावर रास्त आक्षेप आहे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे जेत्यानेच ठरवलेले, मग अशा दप्तरावर विश्वास कसा ठेवायचा? महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या अनुभवातून दिलेले आहे. 1818 नंतर पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि खासगी संशोधकांना ते दीर्घकाळ बंद राहिले. तरीही 1930 च्या दशकात गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडक कागदांचे 45 खंड काढले, आणि मराठ्यांचा इतिहास लिहिताना त्यांच्याशिवाय आजही चालत नाही. कागद कोणी सांभाळला याने त्याच्या वाचनाची रीत बदलते, त्याचे मोल नाही. जपाननेही हेच ओळखले. तिथल्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने अमेरिकेतल्या ताबा-प्रशासनाच्या दप्तराची लाखो पाने मायक्रोफिल्मवर उतरवून टोकियोत आणली.

आक्षेपाचा एक भाग मात्र मान्यच करावा लागतो, आणि तो आपल्याला जास्त लागू आहे. जपानी लेखकाचे छापील मूळ पान उरले; भारतीय शिपायाचे पत्र तसे उरले नाही. पश्चिम आशिया आणि इटलीच्या आघाड्यांवरून लिहिलेल्या पत्रांतले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण ते लष्करी सेन्सॉरच्या अहवालांत, इंग्रजी भाषांतरात. लिहिणाऱ्याचे नाव बहुधा नाही, आणि मराठीत लिहिलेली ओळही नाही. त्यामुळे जपानमधल्या मराठा शिपायाला तिथली उद्ध्वस्त गावे पाहून काय वाटले, हे केवळ सरकारी दप्तरांतून कळणार नाही. ते कळायचे असेल तर घरोघरच्या ट्रंकांत पडलेली पत्रे, पगारपुस्तके आणि फोटो बाहेर काढून त्यांवर बटालियन, ठिकाण आणि साल लिहून ठेवायला हवे. अधिकृत खंडातली हालचालींची माहिती शेजारी ठेवली, तर बिनतारखेचा फोटोही 1946 च्या शिमानेचा की ओकायामाचा, हे ताडून पाहता येते.