सुलभ नियम आणि जीर्ण चाळी : मुंबईच्या भाडेनियंत्रणाचा एक बोध

शास्त्रविचारात लाघवाला मोठा मान आहे. अर्ध्या मात्रेची बचत साधली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी त्यांची ख्याती आहे. थोड्या कल्पनांनी कार्यभाग होत असता अधिक कल्पू नयेत, हे नैयायिकांनाही मान्य आहे. आणि पाश्चात्त्य विचारात हेच तत्त्व चौदाव्या शतकातील ओकमच्या विल्यमच्या नावे सांगितले जाते. मात्र या तत्त्वाला एक अट आहे व ती पुष्कळदा विसरली जाते. दोन पर्याय सारखेच कार्य साधत असतील, तरच त्यांतील लघु तो ग्राह्य ठरतो. एकाने कार्याचा काही भाग सोडून दिला असेल, तर त्याचे लाघव हा गुण नसून उणीव होय. कायद्याच्या क्षेत्रात ही अट दृष्टीआड झाली म्हणजे काय घडते, हे गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर येथील जुन्या चाळींच्या इतिहासावरून पाहता येते.

मुंबईत भाड्यावर कायद्याचे नियंत्रण प्रथम १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आले. दुसऱ्या महायुद्धाने तीच गरज अधिक तीव्रतेने उभी केली. शहराची लोकवस्ती १९४१ मध्ये सुमारे १५ लाख होती. ती १९५१ मध्ये सुमारे २३ लाखांवर गेली. घरे त्या प्रमाणात वाढली नव्हती. अशा स्थितीत १९४७ साली मुंबई प्रांताने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येण्याजोगा होता : १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच तिचे प्रमाण भाडे. जागा त्या तारखेनंतर प्रथम भाड्याने दिली असेल, तर ते पहिले भाडे प्रमाण मानावयाचे. त्याहून अधिक मागणे बेकायदा, आणि पागडी घेणे हा गुन्हा.

या नियमाच्या सुलभतेचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. लालबागच्या दहा-बारा फुटी खोलीत राहणाऱ्या गिरणीकामगाराला आपला हक्क समजण्यासाठी वकिलाची गरज नव्हती. जुनी भाडेपावती हाच त्याचा पुरावा होता. दरमहा मूल्यांकन, उत्पन्नाची चौकशी, अधिकाऱ्याचा विवेक यांपैकी कशालाही तेथे वाव नव्हता. म्हणून लाचलुचपतीलाही फारसा वाव नव्हता. धोबीतलाव येथील लघुवाद न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च आणि बुडणारा रोज ज्याला परवडत नव्हता, त्याला स्वतःहून लागू होणारा नियमच उपयोगाचा होता. गिरगावातील कारकून आणि परळमधील कामगार यांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या जागेजवळ टिकून राहिली, याचे बरेच श्रेय या नियमाला द्यावे लागेल.

परंतु घर ही केवळ जागा नव्हे, तर झिजणारी वस्तू आहे. जुन्या चाळींपैकी पुष्कळांचा सांगाडा लाकडी असून मधल्या भिंती विटांच्या असतात. मोऱ्यांतून व सामाईक शौचकूपांतून पाणी झिरपते, खांबांच्या व तुळयांच्या टोकांना कूज लागते, आणि दर पावसाळ्यात ती काहीशी वाढते. दुरुस्तीचे लाकूड, सिमेंट आणि मजुरी यांचे दर चालू वर्षाचे. भाडे मात्र १९४० चे. मूळ कायद्यात नगरपालिकेचे कर वाढल्यास किंवा मालकाने इमारतीत सुधारणा केल्यास भाडेवाढीस मुभा होती. नित्याच्या दुरुस्तीचा खर्च वाढला, हे मात्र वाढीचे कारण नव्हते. दुरुस्तीचे कर्तव्य मालकावर होते, पण ते पार पाडण्याचे साधन काळाबरोबर आटत गेले. ज्यांना साधन होते अशा मालकांनाही खर्च करण्याचे प्रयोजन उरले नाही. काही वर्षांनी सज्जांना लाकडी टेकू लागले, आणि ज्या भाडेकऱ्याचे छप्पर नियमाने राखले होते त्याच्याच डोक्यावर ते कोसळण्याचे भय उभे राहिले.

नियमाने वगळलेली ही गुंतागुंत नाहीशी झाली नव्हती. ती अन्यत्र साठत होती. पागडी निषिद्ध असूनही चालूच राहिली. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. त्यासाठी इमारतींचे तीन वर्ग पाडले गेले : १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या, आणि त्यापुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या. त्यांची मूळ संख्या अनुक्रमे १६,५०२, १,४८९ व १,६५१, म्हणजे एकूण १९,६४२ भरली. भाडेपट्टा टाळण्यासाठी मालक परवान्याने जागा देऊ लागले, तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा देणारी दुरुस्ती झाली. १९८६ च्या तरतुदीने ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी इमारत संपादन करण्याचा मार्ग काढला. मालकाला द्यावयाची रक्कम मासिक भाड्याच्या शंभरपट ठरली. खोलीचे भाडे २० रुपये धरल्यास ही रक्कम २,००० रुपये होते. भाडे आवरण्यासाठी गोठवलेला आकडा अशा रीतीने मालमत्तेची किंमत ठरवू लागला. या तरतुदीला दिलेल्या आव्हानातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय दिला, आणि प्रत्येक खाजगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही असे सांगितले.

प्रमाण भाड्याच्या मूळ तरतुदी काळाच्या ओघात वाजवी उरल्या नाहीत, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच व्यक्त केले होते. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ मान्य केली आणि पागडीही वैध ठरविली. तथापि २० रुपयांवर ४ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी ८० पैसे. सहा दशकांची तूट अशा वाढीने भरून निघणे शक्य नव्हते. हीच वाढ प्रारंभापासून कायद्यात असती तर तिचा भार भाडेकऱ्याला क्वचितच जाणवला असता.

येथे असा आक्षेप संभवतो की, नियम जटिल करणे हाही उपाय नव्हे. ब्रिटनने १९६५ च्या कायद्याने न्याय्य भाडे ठरविण्याचे काम खास भाडे-अधिकाऱ्यांकडे सोपविले. त्यासाठी प्रशिक्षित नोकरवर्ग आणि प्रत्येक जागेची स्वतंत्र चौकशी आवश्यक असते. खोल्यांची दाटी असलेल्या मुंबईत तशी पद्धत दुर्बलांच्या आवाक्याबाहेर गेली असती, ही शंका रास्त आहे. किंबहुना म्हणूनच सुलभता की जटिलता, असा सरळ सामना मांडणे दिशाभूल करणारे ठरते. ठरावीक काळाने, ठरावीक निर्देशांकानुसार भाडे बदलणे आणि त्यातील काही अंश दुरुस्तीसाठीच राखून ठेवणे, हा नियम मूळ नियमापेक्षा दोन वाक्यांनीच मोठा झाला असता.

तेव्हा कोणताही सुलभ नियम पारखताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत. तो सुलभ कोणासाठी आहे? आणि त्याने जे वगळले, त्याचा भार पुढे कोण वाहणार? पहिल्या प्रश्नाला १९४७ च्या कायद्याने चांगले उत्तर दिले, व ते भाडेकऱ्याच्या बाजूचे होते. दुसरा प्रश्न त्याने विचारलाच नाही. तो कायदा मुळात अल्प मुदतीचा होता. संकटकाळापुरता त्याचा हिशेब बरोबरही होता. मुदत मात्र पुनःपुन्हा वाढत गेली आणि हिशेब तोच राहिला. तात्पुरत्या कामासाठी पुरेसे असलेले लाघव कायमच्या कामाला पुरत नाही. तसे ते वापरले गेल्यास वाचविलेल्या शब्दांची किंमत पुढील पिढ्या भरतात, आणि तीही बहुधा त्याच घरांतून, ज्यांच्यासाठी तो नियम केलेला असतो.